विरजण लावणं सोपं, थांबवणं कठीण

दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये मी स्वयंपाकघरात चष्म्याचं घर पिकवलं. शेवटी चार टाके घातले ते हातानेच, पण त्याचं कातडं मात्र पिकवलेलं होतं. एका मैत्रिणीकडे कोंबुचा नावाचं आंबवलेल्या चहाचं पेय करतात. तिच्या बरणीतली बुळबुळीत चकती मागून आणली. दोन लिटर कोरा चहा, वाटीभर साखर, अर्धी वाटी व्हिनेगर. सगळं गार झाल्यावर पसरट परातीत ओतलं, चकती सोडली आणि वर मलमलचं फडकं बांधून परात माळ्यावर ठेवली. "घरात पोळ्यांची कणीक मळायला भांडं नाही आणि तू परात अडकवून बसलीस," असं सासूबाईंनी तीन आठवड्यांत किमान सहा वेळा ऐकवलं.

आठवड्याभरात चहावर साय धरली. तीन आठवड्यांनी ती करंगळीएवढी जाड झाली. हाताला शहाळ्यातल्या मलईसारखी लागायची, पण ओढली तर तुटायची नाही. धुतली, प्लायवूडच्या फळीवर पसरली आणि गच्चीत उन्हाला ठेवली. चार दिवसांत तो जाडजूड थर वाळून पोह्याच्या पापडाहून पातळ झाला. काकवीचा रंग, उजेडासमोर धरली तर किंचित आरपार, आणि चांगलीच चिवट.

मग पाऊस आला. जुलैत ते घर हाताला चिकट लागायला लागलं, नंतर फुगलं, पर्सला व्हिनेगरचा वास यायला लागला आणि एके दिवशी त्यावर हिरवट बुरशी दिसली. ज्या जीवांनी ते बांधलं ते केव्हाच मेले होते. आता दुसरे जीव ते खायला बसले होते.

बुरशीचं चामडं, जीवाणूंची वीट, टाकीत वाढवलेलं प्रथिन अशा बातम्या हल्ली सारख्या येतात. त्यात ती वस्तू कशी वाढली ते रंगवून सांगितलेलं असतं, कशी थांबवली ते क्वचितच. घरी दही लावणाऱ्या कुणालाही यातली गोम कळेल. विरजण लावायला फारशी अक्कल लागत नाही. ते नेमकं कधी उचलून फ्रिजमध्ये ठेवायचं यावर गोड दही की आंबटढाण, हे ठरतं. या सगळ्या नव्या उद्योगाचं मोठं डोकं त्या 'कधी'मध्येच खर्च होतं.

आधी ती साय बघू. ती खरं तर सेल्युलोज असते, म्हणजे कापसात आणि कागदात असतो तोच पदार्थ. व्हिनेगरच्या पिंपात धरणारा हा पापुद्रा सेल्युलोजचा आहे हे एड्रियन ब्राऊन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने १८८६ मध्ये दाखवलं. जीवाणूला याची गरज काय? त्याला अन्न हवं असतं द्रवातलं आणि प्राणवायू हवा असतो वरचा. तळाशी बुडाला तर गुदमरेल. म्हणून तो साखरेचे कण जोडत अंगातून बारीक धागा सोडतो, शेजारचे लाखो भाऊबंदही सोडतात, सगळ्यांचे धागे गुंततात आणि पाण्यावर तराफा तयार होतो. ते त्या तराफ्याला धरून वर तरंगत राहतात. एक जीवाणू तासाभरात दहा कोटींच्या आसपास ग्लुकोजचे रेणू या धाग्यात ओवू शकतो. धागा वनस्पतींच्या तंतूंपेक्षा कितीतरी बारीक असतो, त्यामुळे वीण घट्ट बसते. आणि झाडातल्या सेल्युलोजला लिग्निन (लाकडाला ताठपणा देणारा पदार्थ) वगैरे जे चिकटलेलं असतं, ते इथे नसतंच. लाकडापासून कागद करताना लिग्निन काढायला जी रसायनं लागतात ती इथे वाचतात.

हे खाणारे लोक आहेत. फिलिपिन्समध्ये नारळाच्या पाण्यात साखर आणि आंबट घालून ट्रेमध्ये हीच साय धरू देतात. आठ-दहा दिवसांत ती सेंटीमीटरभर जाड होते. मग तिचे चौकोनी तुकडे करतात, आंबटपणा जाईपर्यंत उकळतात आणि पाकात मुरवतात. त्याला 'नाता दे कोको' म्हणतात. मॉलमधल्या लीचीच्या जेलीच्या डबीत दाताखाली करकरणारे जे तुकडे येतात, ते बहुतेक वेळा हेच. म्हणजे आपण जीवाणूंचा तराफा चावत असतो. केरळमध्ये 'मलई' नावाची कंपनी खोबऱ्याच्या कारखान्यांतून फेकलं जाणारं नारळाचं पाणी घेते. ते ओढ्यानाल्यांत सोडलं की आंबतं आणि पाणी नासवतं. इथे ते जीवाणूंना खायला घालतात. तयार झालेल्या सेल्युलोजमध्ये केळीच्या सोपटासारखे तंतू मिसळून चामड्यासारखं कापड करतात. नाव अगदी चपखल ठेवलं आहे. कोकणात आणि गोव्यात नारळ सोलून खोबरं काढणाऱ्यांच्या दारातही हेच पाणी वाहत असतं.

सोनी कंपनीने १९८९ मध्ये एमडीआर-आर१० या हेडफोनचा पडदा याच जीवाणू-सेल्युलोजचा केला होता. हलका आणि ताठ, म्हणून आवाजाला चांगला. बंद डबीत असल्यामुळे त्याला माझ्या चष्म्याच्या घरासारखा पाऊस सोसावा लागत नव्हता.

पाऊस हीच तर अडचण आहे. ओल्या सायीत जवळजवळ ९९ टक्के पाणीच असतं. वाळवलं तरी ते पाणी परत हवं असण्याची तिची हौस जात नाही. ब्रिटिश डिझायनर सुझॅन ली हिने हिरव्या चहात अशा साया वाढवून जाकिटं केली, आणि २०११ च्या एका जाहीर भाषणात स्वतःच सांगितलं की हे घालून पावसात गेलं तर कापड भराभर पाणी पिईल. उपाय आहेत: तेल-मेण मुरवणं, वरून लेप देणं. पण लेप प्लास्टिकचा दिला तर मग एवढा खटाटोप कशासाठी केला? हा प्रश्न दुकानात 'इको-लेदर'ची पाटी दिसली की मी हमखास विचारते. दुकानदार हमखास दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळतो.

आता बुरशी. माझा चुलतभाऊ गावाकडे ढिंगरी अळिंबी लावतो. गव्हाचं काड भिजवायचं, गरम पाण्यातून काढायचं, निथळून प्लास्टिकच्या पिशवीत थराथराने भरायचं आणि प्रत्येक थरावर स्पॉन, म्हणजे बुरशीचं बियाणं, टाकायचं. पंधरा-वीस दिवसांत आख्खी पिशवी पांढरीफेक होते. पिशवी फाडली की आत काडाचा सुटा भुगा राहिलेलाच नसतो, एकसंध ठोकळा असतो. तीन वेळा अळिंबी तोडून झाल्यावर त्याला तो ठोकळा गांडूळखतात टाकायचा असतो, पण आधी तो त्यावर बसून चहा पितो. बसला तरी मोडत नाही.

काड बांधून ठेवणारा पांढरा पदार्थ म्हणजे बुरशीचं धाग्यांचं जाळं. आपण जिला अळिंबी म्हणतो ते तिचं फळ. खरी बुरशी हे जाळं आहे, आणि त्याच्या धाग्यांच्या भिंतीत कायटिन असतं, जे कोळंबीच्या सालीतही सापडतं. अमेरिकेत एबेन बेयर आणि गॅव्हिन मॅकिंटायर या दोन इंजिनिअरिंगच्या पोरांनी २००७ मध्ये 'इकोव्हेटिव्ह' ही कंपनी काढली, ती या ठोकळ्यावरच. त्यांनी काडाऐवजी शेतातला असाच दुसरा कचरा साच्यात भरला आणि बुरशीला साच्याच्या आकाराचं व्हायला लावलं. पाचसहा दिवसांत वस्तू तयार. मग भट्टी.

ही भट्टी म्हणजेच त्यांचं 'फ्रिजमध्ये ठेवणं'. आणखी चार दिवस थांबलं तर बुरशी अळिंबी काढायला लागेल, बीजाणू उडतील, आणि मुख्य म्हणजे ती ज्या काडाला धरून आहे तेच खाऊन ठोकळा आतून पोकळ करेल. फार लवकर थांबवलं तर धागे पुरेसे गुंतलेले नसतात, कोपरे ढासळतात. भाऊ पीक यावं म्हणून वाट पाहतो, आणि ही कंपनी पीक येण्याच्या आत बुरशीला मारते. बियाणं आणि काडाचं तंत्र दोघांचं सारखंच आहे.

मिळतं ते थर्माकोलच्या जवळपास वजनाचं, धक्का झेलणारं, आणि बागेत पुरलं तर काही आठवड्यांत माती होणारं. डेल कंपनीने आपले संगणक यात बांधून पाठवले. न्यूयॉर्कमध्ये २०१४ च्या उन्हाळ्यात मक्याच्या ताटांच्या आणि बुरशीच्या दहा हजार विटांचा जवळपास चार मजली मनोरा एका कला-संग्रहालयाच्या अंगणात उभा केला होता. उन्हाळा संपल्यावर तो उतरवून विटांचं खत केलं. मला हा प्रकार फार ओळखीचा वाटला. महाराष्ट्रात २०१८ मध्ये थर्माकोलवर बंदी आल्यावर मखरांचं काय करायचं यावर घरोघरी चर्चा झडल्या. दहा दिवस दिमाखात उभं राहायचं आणि मग मातीत जायचं, यासाठी याहून लायक वस्तू मला सुचत नाही.

पर्सचं गणित वेगळं आहे. बोल्ट थ्रेड्स या कंपनीचं 'मायलो' नावाचं बुरशीचं चामडं मोठमोठ्या फॅशनवाल्यांनी मिरवलं, आणि २०२३ मध्ये पैशांअभावी ते बनवणं थांबलं. ठोकळ्याचा एक कोपरा जरा जाड झाला तर खोक्यात बसलेल्या संगणकाला फरक पडत नाही. चामड्याच्या तावाला पडतो: प्रत्येक तुकडा सारख्या जाडीचा, सारख्या रंगाचा हवा, शिवाय शिवणीला फाटायचा नाही आणि दहा वर्षं टिकायचा. जिवंत वस्तूला 'रोज अगदी कालच्यासारखीच वाढ' असं सांगणं महागात जातं. माझ्या मते या पदार्थांची खरी जागा जिथे कमी टिकणं हाच गुण आहे तिथे आहे. वर्षानुवर्षं वापरायच्या वस्तूंसाठी त्यांना ओढून-ताणून आणलं की लेप आणि रसायनं मागोमाग येतातच.

प्लास्टिकबद्दल थोडक्यात, कारण इथे फसवणूक जास्त होते. दह्याला आंबट करणारं लॅक्टिक आम्ल साखळीत जोडलं की पीएलए हे प्लास्टिक होतं. त्यासाठी साखर आंबवतात. पुण्याच्या प्राज कंपनीने जेजुरीला असा प्रात्यक्षिक प्रकल्प उभा केला आहे, आणि उसाच्या राज्यात ते साहजिकच आहे. पण पीएलएचा कप ओढ्यात फेकला तर तो वर्षानुवर्षं तिथेच पडून राहील. त्याला कुजायला साठ अंशांच्या आसपास तापलेलं मोठं खत-केंद्र लागतं. याउलट पीएचबी नावाचं प्लास्टिक जीवाणू स्वतःच अंगात साठवतात, आपण पोटावर चरबी साठवतो तसं. फ्रान्समध्ये मॉरिस लेमॉइन यांनी ते १९२६ मध्येच ओळखलं होतं. ते साध्या मातीतही कुजतं, कारण मातीतल्या असंख्य जीवाणूंना ही चरबी खाण्याची सवय आहे. घोडं अडलंय किमतीवर: पेशी फोडून ती बाहेर काढायला खर्च येतो. दोन्ही 'जीवाणूंनी केलेली प्लास्टिकं'च, पण नाल्यात पडल्यावर वागणूक वेगळी.

आता टाकीत वाढवलेलं प्रथिन. त्याचं ताटातलं जुनं आणि चाललेलं उदाहरण ब्रिटनमधलं आहे, ते जरा सावकाश सांगते. १९६० च्या दशकात जगाला प्रथिनं कमी पडणार अशी भीती होती. रँक होव्हिस मॅकडूगल ही पिठाची आणि पावाची बडी कंपनी. तिच्याकडे गव्हातला स्टार्च भरपूर होता, म्हणून स्टार्च खाऊन प्रथिन देणारा जीव शोधायला तिने जगभरातून मातीचे तीन हजारांहून जास्त नमुने मागवले. हवी ती बुरशी १९६७ मध्ये सापडली ती काखेत कळसा म्हणावी तशी, इंग्लंडमधल्याच मार्लो गावच्या मातीत. तिचं शास्त्रीय नाव फ्युजेरियम व्हेनेनेटम, ज्यातल्या दुसऱ्या शब्दाचा अर्थ 'विषारी' असा होतो. जाहिरात खात्याला हे कळलं तेव्हा त्यांचा चेहरा काय झाला असेल कोण जाणे. या घराण्यातल्या काही बुरशी खरंच विष तयार करतात, त्यामुळे वर्षानुवर्षं चाचण्या चालल्या आणि १९८५ मध्ये विक्रीला परवानगी मिळाली. बाजारातलं नाव 'क्वॉर्न'.

इंग्लंडमधल्या बिलिंगहॅमला तिच्या टाक्या आहेत, सुमारे पन्नास मीटर उंच, प्रत्येकीत दीड लाख लिटर. आत फिरणारं पातं नसतं. खालून हवा सोडतात, बुडबुड्यांबरोबर द्रव एका नळीतून वर चढतो आणि दुसरीतून खाली येतो, अखंड फेरा. पातं का नाही? कारण लांबच लांब धागे तुटले तर शेवटी खायला पिठलं मिळेल, आणि त्यांना तर चिकनचा तंतू हवा आहे. एका बाजूने ग्लुकोज, अमोनिया, क्षार आत जातात, दुसऱ्या बाजूने बुरशी बाहेर येते.

आणि हे किती दिवस चालवायचं? साधारण सहा आठवडे. तोवर टाकीत बुरशीची अशी पोरंबाळं दिसायला लागतात जी लांब धाग्यांऐवजी आखूड, झुडपासारखी फांदीदार वाढतात. टाकीच्या दृष्टीने त्यांचं काही चुकत नाही, त्यांनाच तिथे जास्त मानवतं. पण त्यांच्यापासून केलेला तुकडा दाताखाली भुसभुशीत होतो. म्हणून टाकी रिकामी करायची, धुवायची, निर्जंतुक करायची आणि मूळ साठवणीतल्या बुरशीपासून परत सुरुवात. विरजण बिघडल्यावर शेजारणीकडून चांगलं मागून आणतो, तसंच. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे, तो अशा मूळ विरजणांचा साठाच म्हणायचा.

बाहेर पडलेली बुरशीही लगेच खाता येत नाही. भराभर वाढणाऱ्या कुठल्याही पेशीत आरएनए, म्हणजे प्रथिनं घडवायला लागणारा पदार्थ, ठासून भरलेलं असतं. ते जास्त खाल्लं तर रक्तात युरिक आम्ल वाढतं आणि पायाच्या अंगठ्याचे सांधे सुजणारा गाउटचा आजार जडू शकतो. म्हणून ती सुमारे ६८ अंशांपर्यंत तापवतात. त्या तापमानाला वाढ थांबते, पण पेशीतली आरएनए तोडणारी विकरं (एन्झाइम) काही वेळ जिवंत असल्यासारखी काम करत राहतात आणि तुकडे बाहेर पाझरतात. आरएनए जातं, त्याबरोबर वजनाचाही बराच हिस्सा जातो. मग अंड्याचा पांढरा भाग किंवा बटाट्याचं प्रथिन घालून बांधायचं, वाफवायचं आणि गोठवायचं. गोठताना बर्फाचे स्फटिक धाग्यांना एकमेकांवर दाबतात आणि कोंबडीच्या मांसासारखी रेषा तयार होते. गोठवणं इथे साठवणीसाठी कमी आणि पोतासाठी जास्त.

क्वॉर्नमध्ये जीवच आपण खातो. दुसरा प्रकार असा की जीव फक्त मजूर असतो, माल वेगळाच. चीजचं दूध फाडायला पूर्वी वासराच्या जठरातून काढलेलं रेनेट लागायचं. त्यातलं कायमोसिन हे विकर बनवण्याचं जनुक सूक्ष्मजीवात घालून टाकीत तयार केलेल्या कायमोसिनला अमेरिकेत १९९० मध्ये परवानगी मिळाली. पिझ्झ्यावरच्या चीजच्या पाकिटावर हिरवा ठिपका दिसतो त्यामागे असल्या टाक्यांचा मोठा हात आहे. आणि मधुमेहींचं इन्सुलिन त्याआधीपासूनच असं तयार होतं. मजूर गाळून काढला की माल शुद्ध राहतो.

हे सगळं निसर्गाला हलकं आहे का, याचं उत्तर टाकीत काय घालता यावर आहे. साखर घातली तर मागे ऊस आहे, ऊस आहे तर पाणी आहे. ते आपल्याला वेगळं सांगायला नको. हवा ढकलायला, निर्जंतुक करायला, वाळवायला वीज लागते. फिनलंडच्या सोलर फूड्सने साखरच वगळली. तिचे जीवाणू हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइडवर वाढतात, त्या जीवाणूंच्या पिठाला सिंगापूरने २०२२ मध्ये मान्यता दिली. हायड्रोजन पाणी फोडून काढतात, म्हणजे शेताचा भार विजेवर गेला. ती वीज कोळशाची असेल तर हिशोब तिथेच फसतो.

राहिली वीट. सिमेंटसाठी चुनखडी १४५० अंशांच्या भट्टीत घालावी लागते, आणि जगातल्या कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे आठ टक्के सिमेंटमुळे येतो. स्पोरोसार्सिना पाश्चुरी हा मातीतला जीवाणू भट्टीशिवाय वाळू चिकटवतो. त्याला युरिया दिला की तो त्याचे तुकडे करतो, अमोनिया आणि कार्बोनेट तयार होतं. पाण्यात कॅल्शियम असेल तर कार्बोनेट त्याला धरून वाळूच्या कणांमध्ये चुनखडी होऊन बसतं. एस.टी. स्टँडच्या मुतारीत नाकाला झोंबणारा वास येतो, तो जीवाणू युरिया फोडतात तेव्हाच्या अमोनियाचा. केपटाऊन विद्यापीठात २०१८ मध्ये खरंच मानवी लघवीतल्या युरियापासून वीट केली. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने आणि इस्रोने २०२० मध्ये चंद्रावरच्या मातीसारख्या भुकटीची वीट केली, आणि तिला बळकटी यावी म्हणून गवारीचा डिंक मिसळला. मला त्यातला गवारीचा डिंक सगळ्यात जास्त आवडला.

इथे थांबवणं सोपं, कारण जीवाणू आपल्याच चुनखडीत चिणला जातो. अमोनिया मात्र उरतो आणि तो धरून ठेवावा लागतो.

नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या हेंड्रिक योंकर्स यांनी हे उलटं वापरलं. काँक्रीट कालवतानाच त्यात जीवाणूंचे बीजाणू आणि त्यांचं खाणं, कॅल्शियम लॅक्टेट, टाकून ठेवलं. बीजाणू म्हणजे गाढ झोपलेला जीवाणू, कोरड्यात तो कित्येक वर्षं तसाच पडून राहतो. भिंतीला तडा गेला, पावसाचं पाणी झिरपत आत आलं, की तो जागा होतो, लॅक्टेट खातो, चुनखडी सोडतो. ०.८ मिलिमीटरपर्यंतचे तडे असे भरून निघाले आहेत. तडा बुजला, पाणी आत यायचं थांबलं, की तो परत झोपतो.